लाल ठिपक्याचं कार्ड

घोडेगावला शुक्रवारी म्हशींचा बाजार भरतो. बाजाराच्या तोंडाशी, टेम्पो मागं घेताना ज्या भिंतीला हमखास घासतात, ती भिंत खाजाभाईंच्या फोटो स्टुडिओची. स्टुडिओत लग्नाच्या फिल्मा होतात, दाखल्याचे फोटो निघतात आणि शुक्रवारी म्हशींचेही निघतात. हल्ली गिऱ्हाईक आधी मोबाईलवर म्हैस बघतं आणि मग टेम्पो ठरवतं. म्हशीचा फोटो नवरीपेक्षा सोपा, असं खाजाभाईंचं अनुभवाचं मत होतं. म्हैस फोटो बघून "मी एवढी जाड दिसते का?" असं विचारत नाही.

खाजाभाई अठ्ठावन्न वर्षांचे. उंची बेताची, दाढी नीट राखलेली, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक चालणारं. आसपासच्या गावांत त्यांचं नाव होतं ते एकाच गोष्टीसाठी. रोल जाऊन कॅमेऱ्यात मेमरी कार्डं आली त्याला बावीस वर्षं झाली, आणि या बावीस वर्षांत त्यांचं एकही कार्ड उडालं नव्हतं. इतरांची उडाली. तिकडं एका फोटोग्राफरनं घाईत कार्ड उपटलं, तर त्यातून अख्खा साखरपुडा गेला आणि पुढं ते लग्नही मोडलं. लग्न मोडायला दुसरी कारणं होती, पण खाजाभाई ती सांगत नसत.

त्यांचं शास्त्र सोपं होतं. कार्ड म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढी पट्टी. कॅमेऱ्यातून काढायचं, संगणकाच्या खाचेत सारायचं, आतलं सगळं उतरवून घ्यायचं. इथपर्यंत कुणीही करतं. फरक पडतो तो काढताना. आपल्याला वाटतं काम संपलं, पण संगणकाचं आत काहीतरी चाललेलं असतं. म्हणून पडद्याच्या कोपऱ्यातल्या बारीक चिन्हावर जाऊन त्याला आधी विचारायचं, काढू का? तो "आता काढायला हरकत नाही" म्हणाला की मगच हात लावायचा. धार चालू असताना म्हशीला उठवलं तर ती लाथ मारते. कार्ड लाथ मारत नाही, गपचूप रिकामं होतं. हे खाजाभाई घोडेगावात सांगत असल्यामुळं लोकांना लगेच पटायचं. करत मात्र कुणी नसे.

त्यासाठी संगणकाच्या वर, इतर दुकानांत जिथं 'थुंकू नये' असतं तिथं, त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी होती. पहिला नियम, चालू संगणक बंद करू नये. दुसरा, विचारल्याशिवाय कार्ड काढू नये. तिसरा, आपलं कार्ड परक्या संगणकात घालू नये. चौथा, खाचेत फुंकर मारू नये. पाचवा आकडा टाकून पुढं जागा मोकळी ठेवली होती, कारण आयुष्य अजून शिल्लक होतं.

पहिल्या नियमामागं इतिहास होता. जुना संगणक एकदा बंद केला की चालू व्हायला त्याला संध्याकाळ लागायची, आणि तोवर नवरा, नवरी आणि नवरीचा मामा बाकावर बसून असायचे. तेव्हापासून तो बंद करणं बंद झालं. गेल्या आठवड्यात तो कायमचाच बंद पडला आणि खाजाभाईंच्या मुलीनं, अफ्रीननं, नगरहून नवा आणला. जुन्याला वायर लावून कार्डाचं डबडं बाहेर लोंबत असायचं. नव्याला खाच त्याच्या अंगातच होती, पुढच्या बाजूला, ओठ मिटल्यासारखी. आठ दिवस नव्यावर अफ्रीनच बसत होती. या शुक्रवारी ती अल्बम आणायला नगरला गेली आणि खाजाभाई पहिल्यांदा त्याच्यासमोर बसले. ते बसले तेव्हा त्यांच्या मनात काहीच धाकधूक नव्हती. नियम तेच होते, पाटी तीच होती, माणूसही तोच होता.

काम गहिनीनाथांच्या घरचं होतं. गहिनीनाथ म्हणजे वस्तीवरचे बागायतदार आणि बाजारातले म्हशींचे जाणकार. म्हशीच्या कासेला हात लावून ते तिचं दूध सांगत आणि बहुतेक वेळा ते तेवढंच निघे. बुधवारी त्यांची मुलगी ज्ञानेश्वरी हिचं लग्न झालं. मुलगी पुणतांब्याला दिली.

लग्न थाटाचं झालं, म्हणजे सत्कार बरेच झाले. आपल्याकडं लग्नाला पुढारी बोलावतात, आणि बोलावले की फेटा, शाल, नारळ आणि दोन शब्द हे आलंच. गहिनीनाथांच्या मनात पुढच्या महिन्यातली दूध संस्थेची निवडणूक होती, त्यामुळं दोन शब्दांचे दोन हजार झाले. सत्कार दोन तास चाळीस मिनिटं चालले. लग्न अकरा मिनिटांत उरकलं.

खाजाभाईंना हे आधीपासून माहीत होतं, कारण सव्वीस वर्षांपूर्वी गहिनीनाथांच्या स्वतःच्या लग्नाचे फोटोही त्यांनीच काढले होते. तेव्हा रोलचा जमाना. छत्तीस फोटोंचा रोल, त्यातले पस्तीस सत्कारात गेले आणि छत्तिसावा एका माजी सभापतींच्या जांभईत. अक्षता पडल्या तेव्हा कॅमेऱ्यात काहीच नव्हतं. गहिनीनाथांच्या बायकोच्या, विजयमालाबाईंच्या, अल्बममध्ये लग्न सोडून सगळं आहे. त्या कधी काही बोलल्या नाहीत. पण खाजाभाईंच्या डोक्यातून ते गेलं नव्हतं. म्हणून या वेळी त्यांनी दोन कॅमेरे लावले, एक पुढाऱ्यांसाठी आणि एक लग्नासाठी. दोन्ही कार्डांवर नेलपेंटचे ठिपके दिले. हिरवा ठिपका सत्कार, लाल ठिपका लग्न.

आणि लग्नाच्या कामांच्या गर्दीत विजयमालाबाई त्यांना एवढंच म्हणाल्या होत्या, "खाजाभाई, मला अक्षता तेवढ्या दावा. शुक्रवारी बाजाराला येते मी."

त्यात एक गोष्ट होती. त्यांच्याकडं नवरीच्या आईनं मुलीची मंगलाष्टकं बघायची नसतात. सगळं गाव मांडवात असतं आणि आई तेवढा वेळ आडबाजूला तुळशीला पाणी घालत बसते. मांडव दारात, म्हणून विजयमालाबाई शेजाऱ्यांच्या अंगणातल्या तुळशीपुढं बसल्या होत्या. लाऊडस्पीकरवर 'सावधान' ऐकू आलं की त्या एक तांब्या ओतत होत्या. मंगलाष्टकं म्हणायला दोन्हीकडच्या आत्या, माम्या आणि एक निवृत्त मुख्याध्यापक असल्यामुळं तुळशीची मुळं उघडी पडली, पण मुलीचं लग्न झालं. त्यांनी ते ऐकलं. पाहिलं नाही.

"अकराला या वहिनी," खाजाभाई म्हणाले होते. "मोठ्या पडद्यावर दाखवतो."

तर शुक्रवारी सकाळी खाजाभाईंनी हिरव्या ठिपक्याचं कार्ड खाचेत सारलं. सगळे सत्कार संगणकात उतरवून घेतले आणि त्यांची फिल्म करायला लावली. नवा संगणक असला तरी पावणेतीन तासांचे सत्कार त्यालाही जड होते. तो एकेक टक्का करत फिल्म शिजवू लागला. ती एक वाजेपर्यंत व्हायलाच हवी होती, कारण एक वाजता दूध संघाचे माजी उपाध्यक्ष श्रीमंतराव बाजारात म्हैस बघायला येणार होते, आणि म्हैस बघता बघता त्यांना स्वतःचा सत्कारही दिसावा अशी गहिनीनाथांची योजना होती. सकाळी नऊलाच ते डोकावून "सत्काराचं आलं का समदं?" असं विचारून गेले होते. आलं म्हटल्यावर "मग झालं" म्हणाले. लग्नाचं विचारलं नाही.

आता हिरवं कार्ड काढायचं. खाजाभाई कोपऱ्यातल्या चिन्हावर गेले. जुन्या संगणकात तिथं एकच नाव यायचं, त्याच्यावर दाबायचं, झालं. नव्यात दोन आली. एक आखूड, नुसतं डिस्क म्हणणारं, कुणाची ते नाही, काही नाही. दुसरं लांबलचक, आधी कंपनी, मग चार-पाच मोठी अक्षरं, मध्ये आकडे, आणि शेवटी कुठंतरी 'कार्ड' हा शब्द.

खाजाभाईंना निवड करायला वेळ लागला नाही. आयुष्य लग्नपत्रिका छापून आणण्यात आणि सत्काराचे फोटो काढण्यात गेलं होतं. ज्याचं नाव लांब, पुढं माजी, विद्यमान, संस्थापक वगैरे लावलेलं, त्याला आधी मान देऊन वाटेला लावायचं, म्हणजे बाकीचे आपोआप उठतात. त्यांनी लांब नावावर दाबलं. संगणकानं लगेच सांगितलं की आता काढायला हरकत नाही. खाजाभाईंनी कार्ड काढून डबीत ठेवलं आणि नवी पिढी उगाच या यंत्रांचा बाऊ करते, असं त्यांना वाटलं.

मग लाल ठिपक्याचं कार्ड सारलं.

काहीच झालं नाही. आवाज नाही, खिडकी उघडली नाही. पडद्यावर कार्डाचं नावसुद्धा नव्हतं. काढलं, सदऱ्याला पुसलं, परत घातलं. उलटं घालून बघितलं, ते जाईना. चौथा नियम डोक्यावर टांगलेला असताना, दुकानात कुणी नाही असं बघून, त्यांनी हळूच एक फुंकर मारली. तरी नाही.

खाजाभाई खुर्चीत मागं टेकले. हिरवं कार्ड रीतसर विचारून काढलं होतं, तेव्हा चूक त्यांची असणं शक्य नव्हतं. संगणक आठ दिवसांचा, बिचारा शिजवण्यात गुंतलेला. चूक त्याची नव्हती. उरलं लाल कार्ड. म्हणजे कार्ड उडालं. बावीस वर्षांत पहिलं, आणि तेही हेच.

कार्ड कॅमेऱ्यात घालून बघितलं असतं, पण दोन्ही कॅमेरे त्यांचा जोडीदार कानिफनाथ घेऊन गेला होता. राजूरला, डोंगरातल्या लग्नाला. पहाटेच निघाला आणि आता त्याचा फोन 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' होता. शेजारी दाखले काढून देणारं केंद्र होतं, पण तिथल्या संगणकाला खाचच नव्हती, आणि असती तरी तिसरा नियम आड आला असता. राहिली अफ्रीन. तिला फोन करणं म्हणजे पाटी रंगवणाऱ्यानं पाटीचा अर्थ विचारण्यासारखं होतं. खाजाभाईंनी तासभर फोन केला नाही.

अकराला पाच मिनिटं कमी असताना विजयमालाबाई आल्या. बाजाराची पिशवी कोपऱ्यात ठेवली, पदर सारखा केला आणि दाखल्याच्या फोटोसाठी बसतात त्या स्टुलावर, निळ्या पडद्यापुढं, ताठ बसल्या. जणू त्यांचाच फोटो निघणार होता.

खाजाभाईंनी चहा मागवला. मग म्हशींच्या भावाचं विचारलं. मग पुणतांब्याचं पाणी कसं आहे ते विचारलं. विजयमालाबाईंनी सगळ्याची उत्तरं दिली आणि संगणकाच्या पडद्याकडं बघितलं. पडद्यावर एक हिरवी पट्टी सरकत होती आणि त्रेसष्ट टक्के असं लिहिलं होतं.

"हे लग्न का?" त्यांनी विचारलं.

"हे सत्कार आहेत," खाजाभाई म्हणाले. "लग्नाचं कार्ड... लग्नाच्या कार्डाची जरा अडचण आहे, वहिनी."

खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. फोटो काढणाऱ्याला ती फार लागत नाही, लोकच आपापलं खोटं चेहऱ्यावर घेऊन येतात. त्यांनी जे होतं ते सांगितलं. कार्ड दिसत नाही, का दिसत नाही ते कळत नाही, कदाचित गेलं असेल. सांगताना त्यांनी सव्वीस वर्षांपूर्वीचं नाव काढलं नाही. विजयमालाबाईंनीही काढलं नाही. पण ते निळ्या पडद्यापुढं दोघांच्या मध्ये येऊन बसलं.

विजयमालाबाईंनी चहा संपवला. कप बशीत पालथा घातला.

"काल रातीला पोरीचा फोन आल्ता," त्या म्हणाल्या. "म्हनली, आई, अक्षता पडताना मी कशी दिसत हुते? आता मी काय सांगू? छान, म्हनले. ती म्हनली, तू बघितलंस का? म्हनले, न्हाई, पन छानच दिसत असशील. गप झाली." जरा थांबून त्या म्हणाल्या, "रविवारी येती मांडवपरतणीला. परत इचारंल."

खाजाभाईंनी फोन उचलला आणि अफ्रीनला लावला.

अफ्रीन अल्बमवाल्याच्या दुकानात होती. मागं कुठलं तरी छपाईचं यंत्र खडखडत होतं. खाजाभाईंनी तिला सगळं सांगितलं, आणि सांगताना 'मी नीट विचारूनच काढलं' हे तीन वेळा सांगितलं.

"कुणाला विचारलंत, अब्बा?"

"संगणकाला."

"ते कळलं. नाव कोणतं दाबलंत? आखूड का लांब?"

"लांब," खाजाभाई म्हणाले. "त्यात कार्ड लिहिलं होतं."

पलीकडं अफ्रीन हसली नाही, हे तिचे उपकार. ती म्हणाली, "आखूड नाव कार्डाचं होतं, अब्बा. लांब नाव त्या खाचेचं. तुम्ही कार्ड नाही काढलंत, खाचच काढलीत. संगणकाच्या हिशेबानं आता तिथं खाच नाही, भिंत आहे. भिंतीत घातलेलं कार्ड त्याला कसं दिसणार? कार्डाला काहीही झालेलं नाही."

खाजाभाईंनी खाचेकडं बघितलं. ती होती तिथंच होती, ओठ मिटून. "मग परत कशी आणायची?"

"बंद करून चालू करा. उठला की त्याला सगळं नव्यानं दिसतं."

"दुसरा मार्ग?"

"आहे, पण फोनवर नाही सांगणार. खाच काढलीत, आता पडदाही काढाल."

खाजाभाईंनी फोन ठेवला. त्यांना दोन गोष्टी एकदम जाणवल्या. एक, कार्ड जिवंत होतं आणि बावीस वर्षं शाबूत होती. दुसरी, पहिला नियम. चालू संगणक बंद करू नये. आणि तो नुसता चालू नव्हता, शिजवत होता. अडुसष्ट टक्के. बंद केला की सत्कार पहिल्यापासून, म्हणजे फेट्यापासून. श्रीमंतराव म्हैस बघून, उसाचा रस पिऊन, घरी जाऊन झोपले असते तरी फिल्म झाली नसती.

त्यांनी विजयमालाबाईंना ते त्यांच्या भाषेत सांगितलं. म्हैस दावणीची सोडायची होती, मी गोठाच मोडला. म्हैस ठीक आहे, पण गोठा परत उभा करायचा तर हे वरचं पातेलं उतरवावं लागेल.

त्यांना लगेच समजलं. "मग ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "यांचं हुंद्या आधी. माझं काय, दोन मिंटाचं हाय. पुढच्या शुक्रवारी बघंन."

पुढचा शुक्रवार रविवारच्या नंतर येतो, हे दोघांनाही माहीत होतं. त्या पिशवी उचलायला वाकल्या. उचलायची ही पद्धतही खाजाभाईंच्या ओळखीची होती. सव्वीस वर्षांपूर्वी अल्बम बघून झाल्यावर तो त्यांनी असाच उचलला होता, वजन तोलत.

"बसा वहिनी," खाजाभाई म्हणाले.

ते वळले आणि संगणकाला बंद हो म्हणाले. संगणकानं विचारलं, फिल्म चालू आहे, तरी बंद करायचं का? बावीस वर्षं खाजाभाई संगणकाला विचारत आले होते. आज त्यानं त्यांना विचारलं. त्यांनी होय म्हटलं. एकाहत्तर टक्के पुढारी एका झटक्यात गेले. पडदा काळा झाला आणि त्यात खाजाभाईंना स्वतःचं तोंड दिसलं. ते बऱ्यापैकी निवांत होतं.

जुन्या सवयीनं त्यांनी विजयमालाबाईंना सांगून ठेवलं की याला संध्याकाळही लागू शकते. संगणक अर्ध्या मिनिटात उठला. खाजाभाईंना त्याचा जरा रागच आला. पहिला नियम त्यांनी दोन रंगांत रंगवला होता.

लाल ठिपक्याचं कार्ड सारलं. टुंग असा आवाज झाला आणि खिडकी उघडली.

खाजाभाईंनी आधी ते सगळं संगणकात उतरवून घेतलं. घाई असली तरी रीत ती रीत. मग स्टूल जवळ ओढायला लावलं आणि अक्षतांची जागा काढून दिली.

पडद्यावर अंतरपाट होता. त्याच्या अलीकडं ज्ञानेश्वरी, हिरव्या शालूत, हार धरून. आत्याबाई सूर सोडून पुढं गेल्या होत्या आणि मुख्याध्यापक त्यांना गाठत होते. प्रत्येक 'सावधान'ला अक्षता पडत होत्या, काही नवरीवर, बऱ्याचशा भटजींवर. विजयमालाबाई बघत होत्या. त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि प्रत्येक 'सावधान'ला तो मनगटातून जरासा कलत होता, तांब्या ओतल्यासारखा. खाजाभाईंनी ते पाहिलं आणि मग पडद्याकडं बघत राहिले.

शेवटच्या ओळीला सगळे नवऱ्याकडं बघत होते. ज्ञानेश्वरीनं मान डावीकडं वळवली. तिकडं मांडवाची कनात होती. दुसरं काही नव्हतं.

"हिकडं काय बघती ही?" विजयमालाबाई म्हणाल्या. आणि मग त्यांनाच आठवलं की कनातीच्या पलीकडं शेजाऱ्यांचं अंगण येतं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

अंतरपाट खाली गेला. ताशा वाजला. त्याच वेळी दारात गहिनीनाथ उभे राहिले. हातात म्हशीची दोरी होती. म्हैस बाहेर होती.

"शिजली का?" त्यांनी विचारलं. "येळेआधीच आलेत ते. चहा पित्यात."

"नाही शिजली," खाजाभाई म्हणाले. "बंद करावा लागला. आता पाच वाजतील."

गहिनीनाथांनी दोरी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. चेहरा कसाबसा आवरत त्यांनी सांगितलं की माणूस मोठा आहे, शब्द दिला होता, पाच वाजता कोण थांबतं, निवडणूक काय पाच वाजेपर्यंत थांबते का. हे सगळं ते दारातून सांगत होते, आणि सांगता सांगता त्यांची नजर पडद्यावर गेली. विजयमालाबाईंनी खाजाभाईंना परत मागं घ्यायला सांगितलं होतं. आत्याबाई पुन्हा सूर सोडत होत्या.

"ह्यो पाठमोरा कोन?" गहिनीनाथांनी विचारलं.

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, नवरीपासून चार हातांवर, गुलाबी फेट्याचा एक माणूस वाकून खुर्ची सरकवत होता. खुर्चीत श्रीमंतराव बसत होते. खुर्चीचा पाय गालिच्यात अडकत होता आणि तो माणूस तो सोडवत होता. अक्षता त्याच्या पाठीवर पडत होत्या. 'सावधान' झालं, ताशा वाजला, अंतरपाट गेला, माळा पडल्या. माणूस अजून खुर्चीशीच होता.

"तुमीच," विजयमालाबाई म्हणाल्या.

गहिनीनाथ आत आले. दोरी ताणली, बाहेर म्हैस दोन पावलं सरकली. "हे कवा झालं?"

"परवा," बायको म्हणाली. "तुमच्या पाठीमागं."

बाहेर टेम्पो मागं येत होता आणि त्याचा पोऱ्या "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होता. गहिनीनाथांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो काढून बघितला. श्रीमंतरावांचंच नाव होतं, पुढं माजी आणि मागं साहेब लावून जतन केलेलं, पडद्यावर मावत नव्हतं. ते वाजत राहिलं.

"जरा मागं घ्या, खाजाभाई," गहिनीनाथ म्हणाले. "पयल्यापासून घ्या."

खाजाभाईंनी पहिल्यापासून घेतलं. विजयमालाबाईंनी सरकून स्टुलावर जागा केली. स्टूल एका माणसाचं होतं, दाखल्याच्या फोटोसाठी केलेलं. दोघं कसेबसे त्यावर टेकले. म्हशीनं दारातून तोंड आत घातलं, पण तिला कुणी हटकलं नाही.

तिसऱ्यांदा बघून झाल्यावर गहिनीनाथांना ते कार्ड खिशात घालून न्यावंसं वाटलं. ते उठले आणि खाचेकडं हात नेला. खाजाभाईंनी त्यांचं मनगट धरलं. एवढ्या वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकाला हात लावायची ही पहिली वेळ.

"तसं नाही उपटायचं," ते म्हणाले. "आधी ही खिडकी मिटायची. मग इथं यायचं. आता बघा, दोन नावं आली. लांब नावाकडं बघायचंसुद्धा नाही. आखूड दाबायचं." संगणकानं सांगितलं की आता हरकत नाही. "वहिनी, तुम्ही काढा."

विजयमालाबाईंनी दोन बोटांनी कार्ड आत दाबलं, तसं ते टक करून बाहेर आलं. त्यांनी ते तळहातावर घेऊन बघितलं, लाल ठिपका वर करून, आणि परत खाजाभाईंच्या हातात ठेवलं. फिल्म रविवारच्या आत घरी पोचेल, असं खाजाभाईंनी सांगितलं. लग्नाची आधी, सत्काराची मग. गहिनीनाथ दोरी गोळा करत बाहेर गेले. श्रीमंतराव बसले होते त्या चहाच्या टपरीकडं नव्हे, दुसऱ्या बाजूला गेले.

खाजाभाईंनी सत्कार पुन्हा पहिल्यापासून शिजायला लावले. मग स्टुलावर चढून पाटी उतरवली. चालणारं पेन पाटीवर चालेना, म्हणून नेलपेंटची बाटली घेतली. पहिल्या नियमावर आडवी रेघ मारली. पाचव्या आकड्यापुढं लिहिलं, 'लांब नावाला हात लावू नये.' अफ्रीन संध्याकाळी बघेल आणि काही बोलणार नाही, एवढी त्यांना खात्री होती. ती बोलत नाही. संगणकापुढच्या खुर्चीत बसून काम करते. ती खुर्ची आता तिचीच, हे तिला आजच सांगून टाकावं, असं त्यांनी ठरवलं, आणि पाटी वाळायला उन्हात ठेवायला बाहेर आले.

विजयमालाबाई अजून पायरीवर बसल्या होत्या. पिशवी मांडीवर, फोन कानाला. बाजाराच्या गलक्यात पुणतांब्यापर्यंत आवाज जावा म्हणून त्या जरा मोठ्यानं बोलत होत्या.

"छान हुतीस म्हनले, ते रातीचं तोंडदेखलं हुतं. आता बघून सांगती. उजव्या अंगाची मुंडावळी तुज्या कानात अडकल्याली. एवढ्या बाया उभ्या हुत्या, एकीलाबी काढता आली न्हाई व्हय?" मग ऐकलं. मग म्हणाल्या, "आन मान कशापायी वळवलीस गं? सरळ उभं ऱ्हायचं की. मी हुते की तिथंच."

खाजाभाईंनी पाटी भिंतीला टेकवून ठेवली, अक्षरं उन्हाकडं करून, आणि भिंतीकडं मागं येणाऱ्या टेम्पोला थांबायचा हात केला.